आपण इथे का राहायला आलो?

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला. बँकेत आयुष्य गेलेले असल्यामुळे मी आधी कागद मागवले. सेक्रेटरींनी ऑफिसमधले कपाट उघडून दिले. पहिले इतिवृत्त पुस्तक, २००० सालचे नोंदणी प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेटची वही, पाण्याच्या टँकरची बिले, सगळे नीट आहे. पंचवीस वर्षांत इतकी माणसे कमिटीवर आली-गेली, पण कागद कोणी हरवला नाही, याबद्दल सर्वांचे अभिनंदन केले पाहिजे.

पण हे सगळे चाळताना माझ्या हाती सभासदत्वाचे मूळ अर्ज लागले आणि मी तिथेच थांबलो. त्या अर्जांवर प्रत्येकाचा जुना पत्ता आहे. मी मोजले. अठ्ठावीस सभासदांपैकी गिरगावचे ५, परळ-लालबागचे ७, दादर-माहीमचे ३, भांडुप-मुलुंडचे ४ आणि आधीपासून डोंबिवलीतच भाड्याने राहणारे ९. या नऊंत मीही आहे, पण आमचेही मूळ बिऱ्हाड गिरगावातलेच. म्हणजे बहुतेक सगळे मुंबईचे, नोकऱ्याही मुंबईत, आणि घर मात्र व्ही.टी.पासून ४८ किलोमीटरवर. असे का झाले? नव्या पिढीला हा प्रश्नच पडत नाही, कारण त्यांचा जन्मच इथला. म्हणून टँकर, लिफ्ट आणि रंगकाम यांचा इतिहास दुसऱ्या कोणीतरी लिहावा. मी या एका प्रश्नाचा इतिहास लिहितो.

गाडी आधी आली, घरे मागून

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने, चारशे पाहुणे, हे आपण शाळेत पाठ केलेले आहे. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. म्हणजे डोंबिवलीच्या शेतांतून गाडी धावायला लागून आता १७० वर्षे होऊन गेली. पण तेव्हा या गाडीने रोज कामाला जावे असे कोणाच्या मनातही नव्हते. ती गाडी घाटावरचा कापूस बंदरावर आणण्यासाठी होती. माणूस जिथे काम करी तिथेच राहत असे. गिरणीचा कामगार गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात आणि कारकून कचेरीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर.

त्यामुळे शहर इतके दाटले की १८९६ साली प्लेग आला तेव्हा त्याला आयतेच घर मिळाले. मग सरकार जागे झाले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला आखीव प्लॉट पाडले. आजची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातलीच. गिरगावातला वकील, शिक्षक, हेडक्लार्क दादरला गेला, आणि लोक म्हणाले, इतक्या लांब! पुढे १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बी.डी.डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांतल्या खोल्यांत किती पिढ्या वाढल्या हे आपल्या परळ-लालबागच्या सभासदांना विचारा.

याच काळातली एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. आपल्या देशातली सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी हे होते. एकट्याला परवडत नाही ते दहा जणांनी मिळून करायचे, ही कल्पना. आपण दर महिन्याला मेंटेनन्सवरून जे भांडतो ना, त्याची परंपरा अशी शंभर वर्षांहून जुनी आहे!

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. पुढे काही वर्षांतच ही तार कल्याणच्याही पलीकडे गेली. त्याआधी १९१६ साली पारसिकचा बोगदा झालेला होता, त्यामुळे मुंब्र्याचा वळसा वाचला. वीज आणि बोगदा या दोन गोष्टींनी डोंबिवली मुंबईच्या जवळ आली. अंतर तेवढेच राहिले, वेळ कमी झाला. घर कुठे घ्यायचे याचा सगळा हिशेब किलोमीटरवर नाही, वेळेवर चालतो.

भाड्याची खोली मिळेनाशी झाली

आता दुसरा धागा. १९४७ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. १ सप्टेंबर १९४०ला जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले गेले. महायुद्ध आणि फाळणी यांच्यामुळे माणसे शहरात लोटत होती, त्यांना घरमालकांनी नाडू नये हा हेतू चांगलाच होता. आमच्या वडिलांना याचा फायदा झाला. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीचे भाडे मी नोकरीला लागलो तेव्हाही वीस रुपयांच्या आत होते. त्या खोलीत आम्ही सात माणसे होतो, पण डोक्यावर छप्पर होते आणि कोणी काढू शकत नव्हते.

पण या कायद्याचा दुसरा परिणाम झाला. भाडे वाढणारच नाही म्हटल्यावर भाड्याने देण्यासाठी नवीन चाळ कोण बांधणार? आणि रिकामी झालेली खोली कोण साध्या भाड्याने देणार? मग पागडी आली. ज्यांच्याकडे खोली होती ते सुरक्षित राहिले, आणि ज्यांचे नवे लग्न झाले त्यांना शहराचे दार बंद झाले. वडिलांना ज्या कायद्याने सांभाळले त्यानेच मुलाला बाहेर काढले, असे मी म्हटले तर ते अगदीच चूक होणार नाही. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मोठे मालक जमीन सोडतील आणि गरिबांना घरे मिळतील असे वाटले होते. प्रत्यक्षात बरीचशी जमीन कोर्टकचेऱ्यांत अडकली. आपल्या राज्यात तो रद्द झाला २००७ला.

तेव्हा उरले काय? मालकीचा ब्लॉक. त्यासाठी १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३चा फ्लॅट मालकीचा कायदा झालेला होता. पण रोख पैसा कुठून आणणार? आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण मी बँकेत लागलो तेव्हा सामान्य माणसाला घरासाठी कर्ज द्यायला बँका फारशा उत्सुक नसत. शेती, लघुउद्योग, निर्यात, सगळ्याला कर्ज होते, घराला मात्र फंडातून काढा, दागिने मोडा, नातेवाइकांकडून उसने घ्या. एच.डी.एफ.सी. निघाली १९७७ साली. आम्हा बँक कर्मचाऱ्यांना मात्र सवलतीच्या व्याजाने गृहकर्ज मिळे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आम्ही फार हुशारीने घरे केली असे कोणी समजू नये. आम्हाला ती सवलत होती, शेजारच्या गिरणी कामगाराला ती नव्हती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. त्यानंतर लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांनी खोली विकून लांबचा रस्ता धरला. कोणी गावी कोकणात गेले, कोणी विरारला, कोणी कल्याण-डोंबिवलीला. आपले सात सभासद तिकडून आले, त्यांतल्या काहींची कथा हीच आहे. त्यांनी घर निवडले असे म्हणणे धाडसाचे होईल.

आमचे डोंबिवलीत येणे

माझे लग्न १९७८ साली झाले. गिरगावच्या खोलीत आई-वडील, दोन भाऊ, एक बहीण, आणि आम्ही दोघे. पडदा लावून संसार कसा करतात ते त्या काळच्या मंडळींना माहीत आहे, जास्त लिहीत नाही. १९७९ला आम्ही डोंबिवली पूर्वेला डिपॉझिट देऊन दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली. आई म्हणाली, "अरे, तिकडे संध्याकाळी कोल्हे ओरडतात म्हणे." कोल्हे काही दिसले नाहीत. दिसल्या त्या विहिरी, भातशेते, आणि स्टेशनवर जाताना चिखलात रुतणाऱ्या चपला. पावसाळ्यात स्टेशनजवळच्या एका ओळखीच्या दुकानात कोरड्या चपला ठेवलेल्या असत.

पण त्याच वेळी इथे फडके रोड होता, गणेश मंदिर होते, शाळा होत्या, ग्रंथालय होते. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखी लेखक मंडळी इथे राहत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गेले की निम्मे गिरगाव भेटे. लोक म्हणतात की डोंबिवली स्वस्त होती म्हणून भरली. ते खरेच आहे, पण अर्धेच. स्वस्त तर इतरही गावे होती. इथे आपली माणसे आधी आली होती, म्हणून आपण आलो.

१९९८चा कागद

आता आपल्या इमारतीकडे येतो. १९९८ साली मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. भाड्याची जागा सोडायची हे ठरले होते. माझ्यापुढे दोन पर्याय होते. मुलुंडला एक खोली आणि स्वयंपाकघर, किंवा इथे, तेव्हा फक्त पिलर उभे असलेल्या या इमारतीत, दोन बेडरूमचा फ्लॅट. किंमत जवळजवळ सारखीच, सहा लाखांच्या आतबाहेर. मी बँकवाल्याच्या पद्धतीने एक ताव घेतला, मध्ये रेघ मारली आणि दोन्ही बाजू मांडल्या. चौरस फुटाचा दर, स्टॅम्प ड्युटी, कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, मुलांच्या शाळा. आयकरात घरकर्जाच्या व्याजाची सूट १९९९च्या बजेटमध्ये ७५ हजारांपर्यंत वाढली, ते पाहून तर मला माझ्या निर्णयाचा अभिमानच वाटला.

सौ. तेव्हा फोर्टात एका सरकारी कार्यालयात होती. ती म्हणाली होती, "अहो, मुलुंडच बघू या. लहान असलं तर असू दे. निदान संध्याकाळी अर्धा तास आधी घरी येईन." मी तिला कागद दाखवला. "हे बघ, निम्मी जागा तेवढ्याच पैशांत. तोट्याचा व्यवहार आहे." तिने कागद वाचला आणि म्हणाली, "तुम्ही बँकेतले, तुम्हाला जास्त कळतं." विषय संपला.

तो कागद मी जपून ठेवला होता. हा लेख लिहिताना काढला. त्यात सगळे रकाने आहेत. वेळेचा रकाना नाही.

रकाना आता भरतो

माझा हिशेब असा. १९७९ ते निवृत्ती २०११, म्हणजे बत्तीस वर्षे. त्यातली तीन वर्षे बदलीवर बाहेरगावी. उरली २९. वर्षाला २८० दिवस कामाचे धरा, शनिवारी आम्हाला तेव्हा अर्धा दिवस असेच. घराच्या दारापासून खुर्चीपर्यंत पावणेदोन तास, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन. गुणाकार केला की होतात २८,४२० तास. चोवीस तासांचा दिवस धरला तर तीन वर्षे आणि तीन महिने मी गाडीत, प्लॅटफॉर्मवर किंवा रिक्षाच्या रांगेत होतो. आठ तासांच्या ड्युटीने मोजले तर साडेबारा वर्षांहून जास्त नोकरी, बिनपगारी.

हा सगळा वेळ वाया गेला असे मी म्हणत नाही. आमचा ८.०५चा ग्रुप होता. त्यात भजने झाली, पत्ते झाले, दोघांची लग्ने जमली, एकाच्या बायपासला रक्तदाते गाडीतच मिळाले. आपल्या सोसायटीच्या पहिल्या कमिटीचे चार सभासद त्याच डब्यातले. म्हणजे या संस्थेची पहिली अनौपचारिक सभा सेकंड क्लासमध्ये ठाणे-मुंब्रा दरम्यान झाली आहे, इतिवृत्तात नोंद नसली तरी!

पण हे पुरुषांच्या डब्याचे झाले. सौ.चा हिशेब वेगळा. मुलुंडला राहिलो असतो तर तिचा एका वेळचा अर्धा तास, म्हणजे दिवसाचा एक तास वाचला असता. १९९९ ते तिची निवृत्ती २०१३, चौदा वर्षे, वर्षाला २६० दिवस. ३,६४० तास. दुसऱ्या बेडरूमची ही किंमत, जी माझ्या कागदावर नव्हती. आणि ती मी भरली नाही. मी घरी आलो की पेपर वाचत असे, तिला आल्या आल्या कुकर लावायचा असे. पहाटे पावणेपाचला उठणारी ती, रात्री भांडी आवरून झोपणारी ती. माझाही तास वाचला असताच, पण खरे सांगायचे तर तो मी फडके रोडवर घालवला असता. तिचा तास तिला झोपेचा मिळाला असता.

रेल्वेच्या भाषेत आपल्या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसे. घर घेताना आपण चौरस फुटाचा भाव घासाघीस करून ठरवतो, पण रोज तीन तास आपल्याला किती चौरस फूट मिळणार हे कोणी विचारत नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळणार नाही. २००१ साली वडील गेले आणि आई गिरगावातून आमच्याकडे आली. शेवटची सहा वर्षे ती त्याच दुसऱ्या बेडरूममध्ये होती. मुलुंडच्या एका खोलीत तिला कुठे झोपवले असते? मुलीने बारावीचा अभ्यास आजीच्या पलंगाशेजारी बसून केला. तेव्हा मी चुकलोच असे मी म्हणू शकत नाही. न विचारता ठरवले, एवढे मात्र चुकले.

२६ जुलैची यादी

जुन्या कागदांत मला एक वही सापडली. वॉचमनची आवक-जावक वही. तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने चौदा नावे आहेत आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. ती यादी २६ जुलै २००५च्या रात्रीची आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी आईच्या आजारपणामुळे रजेवर होतो. गाड्या बंद, फोन बंद, लाइट गेलेले. रात्री नऊ वाजता लक्षात आले की आपल्या इमारतीतली चौदा माणसे घरी आलेली नाहीत. आम्ही काही जण गेटपाशी कंदील घेऊन बसलो आणि नावे लिहून काढली. एकेक जण येईल तशी खूण करायची. कोणी रुळांवरून चालत आले, कोणी भांडुपला अनोळखी घरात राहिले. चौदावे नाव सौ.चे होते. ती दुसऱ्या दिवशी रात्री दहाला आली, काही चालत, काही एका टेम्पोतून. खूण मीच केली. हात थरथरत होता म्हणून ती वाकडी आली आहे.

त्या रात्री तिने मुलुंडचे नावही काढले नाही. माझ्या मात्र मनात आले होते.

ऑफिसही बदलते

आमच्या पिढीचा एक समज होता की घर लांब घेतले तरी ऑफिस फोर्टात, म्हणजे एक गाडी, सरळ रस्ता. तो समज मुलांच्या वेळी मोडला. नोकऱ्या फोर्टातून वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, अंधेरीला गेल्या, ऐरोलीला गेल्या. ठाणे-वाशी रेल्वे २००४ला सुरू झाली म्हणून ऐरोलीवाल्यांचे बरे झाले. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो आली २०१४ला, तोपर्यंत माझा मुलगा कुर्ल्याहून बस, दादरहून उलटी गाडी, असे सगळे प्रकार करून थकला होता. शेवटी तो ठाण्याला भाड्याने राहायला गेला. त्याचे भाडे ऐकून मी म्हटले, "एवढ्यात इथे हप्ता भरून घर होईल." तो म्हणाला, "बाबा, मी भाडं देत नाही, मी रोजचे दोन तास विकत घेतो." त्या दिवशी मला राग आला होता. नंतर पटले. माझ्या कागदावर जो रकाना नव्हता तो त्याने पहिला लिहिला.

पण ज्यांना ठाण्याचे भाडे झेपत नाही ते आणखी पुढे जातात. आपल्याच इमारतीतल्या दोन मुलांनी बदलापूरला घर घेतले आहे. पणजोबा गिरगावात, आजोबा दादरला, वडील डोंबिवलीला, मुलगा बदलापूरला. प्रत्येक पिढी काही स्टेशने पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी लोक म्हणतात, आता गाड्या वाढतील, सोय होईल. गाड्या वाढल्याही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ला पूर्ण झाली. पण माणसे गाड्यांच्या आधी येऊन उभी राहतात. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतली काही घरी परत आली नाहीत. ती माणसे दारात हौसेने उभी नव्हती. जिथे परवडले तिथे राहत होती आणि जिथे काम होते तिथे निघाली होती.

नव्या मंडळींना

जी मुले आता घर बघत आहेत त्यांना एक निवृत्त बँकवाला म्हणून सांगतो. कर्जाचा हप्ता काढाच. व्याजदर बदलतो हे धरून काढा. आमच्या वेळी तेरा-चौदा टक्के व्याज बाहेर सर्रास होते, पाच-सहा वर्षांत ते आठ टक्क्यांच्या आसपास आले, आणि पुन्हा चढलेही. पण त्या कागदावर तीन रकाने वाढवा. एक, दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत लागणारा वेळ, आणि तो जाहिरातीत वाचून नाही, सोमवारी सकाळी आठला स्वतः जाऊन मोजायचा. दोन, दहा वर्षांनी ऑफिस दुसरीकडे गेले तर काय. तीन, हा वेळ घरातले कोण भरणार आहे, आणि त्या माणसाला विचारले आहे का.

सोसायटीपुरते एक मागणे आहे. आपल्या तळमजल्यावरची ऑफिसची खोली महिन्यातून दोन-तीनदा उघडते. आता पुष्कळ मुलांना आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम असते, पण घरात आजी-आजोबा, लहान मुले, टीव्ही, त्यांना बसायला जागा नसते. ती खोली सकाळी नऊ ते सहा उघडी ठेवावी, दोन टेबले, चार खुर्च्या, एक पंखा आणि चांगले वाय-फाय बसवावे. खर्चाचा अंदाज मी काढून सेक्रेटरींकडे दिला आहे, तो सिंकिंग फंडाला हात न लावता होतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, त्याच्या आराखड्यातही अशी खोली मागून घ्यावी. गाड्या वाढवणे आपल्या हातात नाही, पण एका माणसाचे दोन दिवसांचे सात तास वाचवणे आहे.

हा लेख सौ.ला वाचून दाखवला. तिने चष्मा काढून ऐकला. म्हणाली, "वर्षाला दोनशे साठ दिवस लिहिलेत ते बरोबर. पण १९७९ ते ९९ची वीस वर्षं कुठे गेली?" मी म्हटले, "तेव्हा मुलुंडचा पर्याय नव्हता, म्हणून धरली नाहीत." ती म्हणाली, "पर्याय नसला तरी उभी मीच होते ना." तेवढी दुरुस्ती इथे नोंदवतो.